कोरी करकरीत बोट

१

सोमवारी सकाळी तळ्याच्या राखणदाराला पाण्याच्या मधोमध एक बोट दिसली. बोटीत कोणी नव्हतं.

निळी-पांढरी, कोरी करकरीत बोट. काचेवरचं दुकानाचं कागदी लेबलसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. इंजिन बंद, किल्ली जागेवर. पुढची दोरी पाण्यात लोंबत होती आणि एका कुशीला चार रबरी फुगे टांगलेले होते. धक्क्याला लागलेली बोट घासू नये म्हणून टांगतात, ते फुगे. राखणदाराने आपली होडी जवळ नेली, चार हाका मारल्या. उत्तर आलं नाही. बोट ओढून आणता आणता त्याचा जीव मेटाकुटीला आला.

"अशी बसली होती पाण्यात," तो नंतर भेटेल त्याला सांगत सुटला, "जशी म्हैस डबक्यात!"

दुपारी काठच्या लव्हाळ्यात फिटर सापडला. बोटीच्या दुकानातला म्हातारा फिटर. अंगावर खरचटल्याची खूणदेखील नव्हती. त्याचा शर्ट धक्क्यावरच्या बाकावर घडी करून ठेवलेला होता, खाली बुटांचा जोड. पोलिसांनी लिहून टाकलं : नवी बोट तपासायला एकटाच गेला, तळ्याच्या मध्यावर पोहायला उतरला, पायात पेटका आला, बुडाला.

ती बोट मास्तरीणबाईंची होती. म्हणजे व्हायची होती. मास्तरीणबाई वीस वर्षं तरण तलावावर मुलांना पोहायला शिकवत होत्या. त्यांची सतरा वर्षांची लेक पायांना फळी बांधून, बोटीमागच्या दोरीला धरून लाटेवर उडायची. तिला सगळे मासोळी म्हणत. बक्षिसं मिळवायची, पण सराव दुसऱ्याच्या बोटीवर. म्हणून आईने जन्मभराची पुंजी काढून बोट ठरवली होती.

फिटर गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी फोन उघडून त्याचं नाव पुन्हा पाहिलं. कारण रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला होता.

"बाई, बोट इतक्यात ताब्यात घेऊ नका," तो घाईघाईने म्हणाला होता. "उद्या सकाळी पाण्यात उतरवून बघतो, मग सांगतो. आणि हे बघा, लेकीला मागच्या पायरीवर—"

मागे कुणाचा तरी आवाज आला आणि फोन बंद झाला.

ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. पोलिसांनाही नाही. काय सांगायचं? अर्धं वाक्य?

२

बुधवारी भर दुपारी, मुलं पाण्यात पाय आपटत असताना, तलावाच्या काठावर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. ओल्या हाताने उचलताना त्यांची नजर नावावर गेली.

'फिटर.'

ऊन होतं, पोरांचा गलका होता, शिट्टी गळ्यात होती. तरी दोनदा वाजू देऊन मगच त्यांनी तो कानाला लावला.

"हॅलो?"

पलीकडे कोणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता. सावकाश, जपून घेतलेला.

"हॅलो, कोण?"

फोन बंद.

त्या दिवशी त्यांनी मुलांना अर्धा तास आधीच घरी पाठवलं आणि थेट आत्याचं घर गाठलं.

आत्या सत्तरीची. अठ्ठावीस वर्षं तिने माणसांची ने-आण करणारी लाँच चालवली होती. तेव्हा उतारू विचारायचे, "बाई, चालवणारा कुठाय?" आणि ती म्हणायची, "तोच तिकीट फाडतोय, बसा." भाचीचा पांढराफटक चेहरा बघून तिने आधी पाणी दिलं, मग सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

"पोलीस काय म्हणाले? त्याचा फोन?"

"पाण्यात गेला म्हणाले. साधा बटणांचा फोन होता. खिशात असेल, तळाशी गेला असेल."

"बुडालेल्या फोनवरून फोन येत नाही गं," आत्या म्हणाली. "तो कोणाच्या तरी खिशात आहे. आणि फिटरने शेवटचं कोणाशी बोलणं केलं, हे त्या माणसाला बघायचं होतं. तू 'हॅलो' म्हणालीस. आता त्याला तुझा आवाज कळला."

मास्तरीणबाईंनी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. त्यांनी उठून कडी लावली.

३

त्याच संध्याकाळी दोघी बोटीच्या दुकानात गेल्या. दुकानाला पुढची भिंत म्हणून नव्हतीच, नुसती काच. आत गुळगुळीत फरशीवर सहा बोटी मांडलेल्या. पाण्याचा थेंब नाही, पण प्रत्येक बोटीला दोरी गुंडाळलेली आणि कुशीला पांढरे फुगे टांगलेले. मालक एका बोटीपाशी उभा राहून फुगे एका उंचीवर आणत होता, जशी एखादी आई मुलीच्या कानातली डुलं सारखी करते.

"या ताई, या! फार वाईट झालं हो. घरचा माणूस होता. पण काम थांबत नाही ना? पोलिसांनी बोट मोकळी केलीय. उद्या घेऊन टाका."

"तुम्ही होता का सोमवारी तळ्यावर?" आत्याने सरळ विचारलं.

मालक हसला. "मी? आजी, मी जमिनीवरचा माणूस. बोट विकतो, बसत नाही. पाण्याकडे बघितलं तरी पोटात ढवळतं. हलवायाने मिठाई खायची नसते."

"फिटरला तपासायचं काय होतं? बोट तर कोरी."

"म्हाताऱ्याला सवयच. दुधाने तोंड पोळलं नसलं तरी ताक फुंकायचा."

तेवढ्यात विक्रेता आला. त्याला सगळे 'मधाचं बोट' म्हणत, कारण गिऱ्हाइकाला ते लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आज मात्र त्याचा मध आटला होता. बाहेर गाडीपर्यंत सोडायला आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, एक विचारू? फिटरकाकांचा तुम्हाला फोन आला होता का? दुकानात विषय निघाला होता."

मास्तरीणबाईंनी आत्याकडे पाहिलं.

"कोणी काढला विषय?" आत्या म्हणाली.

"असंच... कोणीतरी. बरं, बोटीची काळजी करू नका. टाक्या मीच रिकाम्या केल्या. चारही गच्च होत्या, वरपर्यंत."

"कसल्या टाक्या?" त्याची पाठ वळल्यावर आत्याने विचारलं.

मास्तरीणबाईंनी समजावलं. अशा बोटीच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात. इंजिन सुरू ठेवून पंपाने त्यात तळ्याचं पाणी भरायचं. बोट जड होते, मागून खाली बसते आणि मोठी लाट उठते. त्या लाटेवर पोरं उडतात.

"फिटर मला म्हणाला होता," त्यांना आठवलं, "पहिले दहा तास टाक्यांत थेंब घालायचा नाही. नवं इंजिन म्हणजे नवा खोंड, पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपायचं नाही. विकलेल्या प्रत्येक बोटीला त्याचा हाच नियम."

आत्या चालता चालता थांबली.

"मग ह्याच बोटीत कोणी भरलं?"

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेल्या. तिथे बोटींचा दुसरा दुकानदार होता. बोट घेताना मास्तरीणबाई आधी त्याच्याकडेच गेल्या होत्या. त्याने चहा पाजला होता आणि समोरच्याची तासभर निंदा केली होती. आताही तो तेच करायला लागला.

"मी तेव्हाच म्हणत होतो! समोरचा म्हणजे बोलाची कढी. नवी म्हणून तुम्हाला काय गळ्यात मारेल नेम नाही. ती निळी बोट ना? तसलीच गेल्या मोसमात त्याने एकाला विकली होती. महिन्यात परत आली. कोणा बाईला मागे बसल्या बसल्या भोवळ आली, पाण्यात पडता पडता वाचली."

"तेव्हा हे का नाही सांगितलंत?" मास्तरीणबाई तडकल्या.

"सांगितलं होतं, ताई. तुम्ही म्हणालात, व्यापाऱ्याची जीभ."

हे खरं होतं.

"समोरच्याचा फिटर तुमच्याकडे नोकरीला येणार होता म्हणतात," आत्याने अंधारात खडा टाकला.

"मी दोनदा बोलावलं. आला नाही. माझ्यावर संशय घेता काय, आजी? आता मला गिऱ्हाइकाला फेरी मारायला न्यायचंय, धक्क्यापर्यंत चालता चालता बोलू."

तो बोटीत उतरला. बडबड चालूच होती, मान यांच्याकडे वळलेली. पण दोरी सुटताच त्याचे हात आपसूक कामाला लागले. न बघता त्याने एक फुगा उचलून आत टाकला, मग दुसरा, मग तिसरा. दोरी गुंडाळून पायाशी ठेवली. बोट धक्क्यापासून दोन हात लांब जाण्याआधी तिची कूस मोकळी झाली होती.

आत्या बघतच राहिली.

"अगं, चल," ती एकदम म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ती बोट आपल्याला नको. आणि मासोळी कुठाय?"

मास्तरीणबाईंनी फोन काढला. लेकीचा निरोप वीस मिनिटांपूर्वीच येऊन पडला होता.

'आई, दुकानातून फोन आला होता, बोट पाण्यात उतरवतायत! मधाचं बोट मला न्यायला आलाय. एकच फेरी. रागावू नको ना.'

५

तळ्याला वळसा घालून समोर पोचायला दहा मिनिटं लागतात. मास्तरीणबाई लेकीला फोन लावत होत्या, ती उचलत नव्हती. मधाच्या बोटाचाही फोन वाजून वाजून बंद होत होता. गाडी त्या एका हाताने चालवत होत्या.

"बोल, आत्या. काहीतरी बोल, नाहीतर मी आपटेन कुठेतरी."

"ऐक तर. फिटर तळ्याच्या मध्यावर पोहायला उतरला, म्हणतात. मग शर्ट बोटीत सापडायला हवा होता. सापडला धक्क्यावर, घडी केलेला. म्हणजे तो धक्क्यापाशीच पाण्यात उतरला, स्वतःहून. बोट तिथेच बांधलेली होती. फुगे टांगलेले होते, कारण ती कुठे जाणारच नव्हती."

"मग टाक्या?"

"त्या त्यानेच भरल्या. जन्मभर पाळलेला नियम माणूस कधी मोडतो? नियम लागू नाही हे कळतं तेव्हा. इंजिन नवं नव्हतंच! परत आलेली जुनी बोट घासूनपुसून तुला कोरी म्हणून दिली होती. भोवळ आली होती ना त्या बाईला? तो इंजिनाचा धूर. बोट मागून खाली बसली की धुराचं तोंड पाण्याशी येतं आणि सगळा विषारी वायू मागच्या पायरीखाली कोंडतो. त्यात हिचा धुराचा पाइप फुटलेला असणार, वरून डागलेला. फिटरला खात्री करायची होती, म्हणून त्याने बोट जड केली आणि मागे पाण्यात उतरून बघायला गेला. या वायूला ना रंग ना वास. माणूस झोपल्यासारखा होतो आणि जातो. लाँचवर माझा एक खलाशी असाच गेला."

"मागच्या पायरीवर..." मास्तरीणबाईंच्या तोंडून निघालं. अर्धं राहिलेलं वाक्य पुरं झालं होतं.

"इंजिन चालू ठेवायला वर कोणीतरी होतं. त्याने म्हाताऱ्याची मान कलंडताना पाहिली. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, फोन उचलला, दोरी सोडली आणि बोट ढकलून दिली, एकटाच गेला असं दिसावं म्हणून. पण फुगे तसेच ठेवले! दोरी पाण्यात लोंबत ठेवली! पलीकडचा असता तर त्याच्या हातांनी न विचारता फुगे आत टाकले असते. मधाचं बोट रोज गिऱ्हाइकांना फेरीवर नेतो, त्याचंही तेच. बोटीची ज्याला सवय आहे त्याचा हात ही चूक करूच शकत नाही. ही चूक कोण करेल? ज्याने बोट फक्त फरशीवर पाहिलीय, फुगे लावून सजवलेली. ज्याला वाटतं, बोट अशीच दिसते."

"मालक," मास्तरीणबाई म्हणाल्या.

समोर धक्का दिसायला लागला होता. धक्क्यावर मालक एकटा उभा होता. आणि दोनशे मीटरवर, पाण्यात, निळी-पांढरी बोट थांबलेली होती. मागून खाली बसत चाललेली.

६

विक्रेता पुढे बसून टाक्यांचा काटा बघत होता. गाणी मोठ्याने लावलेली. मासोळी मागच्या पायरीवर बसली होती, पायांना फळी बांधलेली, दोरी मांडीवर. तिचं डोकं एका बाजूला कललं होतं, जसं लांबच्या प्रवासात कलतं.

मास्तरीणबाईंनी हाक मारली. गाण्यांत ती विरून गेली. मग त्यांनी बूट काढले नाहीत, काही नाही, तशाच उडी मारली.

वीस वर्षं त्या पोरांना सांगत होत्या, घाईत हात आपटू नका, पाणी कापा. आज स्वतःचे हात आपटत होते. पन्नास मीटरवर त्यांनी स्वतःला दटावलं आणि पाणी कापायला सुरुवात केली. दर चार हातांनी त्या मान वर काढून बघत. डोकं आणखी खाली गेलेलं. हात मांडीवरून सुटलेला. मग एका वेळी बघितलं तर पायरी रिकामी.

त्यांनी दुप्पट वेगाने हात मारले.

मासोळी पाण्यात घसरली होती. अंगातल्या तरंगत्या जाकिटाने तिला धरून ठेवलं होतं, पण तोंड बरोबर पायरीच्या कडेला, जिथे पाणी गुरगुरत होतं आणि गरम हवा बाहेर पडत होती. मास्तरीणबाईंनी दहा हात आधी छाती भरून घेतली, श्वास कोंडला आणि त्या हवेत शिरल्या. जाकिटाचा पट्टा हाताला लागला. ओढला. फळी बोटीखाली अडकली. पुन्हा ओढला. फळी सुटली. पाठीवर उलट्या पोहत त्यांनी लेकीला लांब नेलं, आणखी लांब, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत, आणि मगच श्वास सोडला.

तेव्हा कुठे विक्रेत्याने मागे वळून पाहिलं. त्याच्या हातून पहिली शहाणपणाची गोष्ट घडली. त्याने इंजिन बंद केलं.

लेकीचे ओठ विचित्र लाल दिसत होते. मास्तरीणबाईंनी तिचं नाक चिमटीत धरलं आणि पाण्यातच तिच्या तोंडात हवा फुंकली. एकदा. दोनदा. पाचदा. सहाव्या वेळी मासोळीने खोकून आईच्या तोंडावरच ओकारी काढली. इतकी गोड गोष्ट त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती.

धक्क्यावर आणल्यावर विक्रेता ओक्साबोक्शी रडत होता. "मॅडम, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. मालकच म्हणाले, पोरीला फिरवून आण, म्हणजे मास्तरीणबाई आज सही करतील. फिटरकाकांच्या फोनचंही त्यांनीच विचारायला लावलं."

मालक बाकाचा आधार घेऊन उभा होता.

"तुम्हाला माहीत होतं," आत्या त्याच्यासमोर जाऊन म्हणाली. "पोर मागे बसणार हे माहीत होतं."

"एका फेरीत काही होत नाही, आजी. फिटर उगाच... मी त्याला म्हणालो होतो, बाहेर ये. तो ऐकेना. म्हणे, इंजिन चालू ठेवा, अजून बघायचंय. मग तो बोलेचना." मालकाने हात जोडले. "मी काय करणार होतो? मला पोहता येत नाही हो!"

"पोहायचं कशाला होतं? दोरी तर हातात होती." आत्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जी टाकायची, ती तू सोडलीस."

मालक मटकन खाली बसला. खिशातून काहीतरी घरंगळून फळ्यांवर पडलं. जुना, बटणांचा फोन. विक्रेत्याने तो पाहिला आणि दोन पावलं मागे सरकला. मग पोलीस येईपर्यंत तो मालकाच्या अंगावर सावलीसारखा उभा राहिला. मध नाही, बोलणं नाही.

इस्पितळात मासोळीच्या तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर... आणि वाक्य सोडून दिलं. मास्तरीणबाईंना आता अर्धी वाक्यं चालत नव्हती. "तर काय?" त्यांनी विचारलं. "तर मी तुमच्याशी हे बोलत नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुपार कलली. आत्या खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागली. मास्तरीणबाईंनी खाट सोडली नाही. लेकीची छाती वर जायची, खाली यायची, आणि वर जायला जराही उशीर झाला की यांचा श्वास अडकायचा. बघता बघता त्या पुढे झुकत गेल्या, नाकाला नाक लागायची पाळी आली.

मासोळीने एक डोळा उघडला. मुखवटा बाजूला केला.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तू अशी तोंडाशी बसलीस तर मी श्वास घेऊ कुठून? सरक ना जरा."

मास्तरीणबाई सरकल्या. वीतभर. त्याहून जास्त नाही.